अँड्रॉइड कोण, हे आधीच ठरवावं का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाला देतोय ते सगळ्यांना कळेल. आठ-आठ भागांच्या तीन सीझनची एक विज्ञानमालिका तुम्ही मराठीत लिहायला घेतली आहे. पुण्यातलं एक घर, अंथरुणाला खिळलेले आजोबा, आणि त्यांच्या देखभालीला एजन्सीकडून आलेल्या मावशी. पहिल्या भागाच्या शेवटी प्रेक्षकांना कळतं की मावशी अँड्रॉइड, म्हणजे हुबेहूब माणसासारखं दिसणारं यंत्र, आहेत. घरच्यांना पत्ता नाही. शिवाय घरात येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी आणखी एक जण अँड्रॉइड आहे, पण तो कोण हे तुम्हीच अजून ठरवलेलं नाही. सून, नातू आणि शेजारचे काका अशी तीन नावं डोक्यात आहेत. मित्र म्हणतात, सगळं ठरल्याशिवाय एक ओळ लिहू नकोस. तुम्ही मात्र वाचलंय की 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'वाल्यांनी काही ठरवलं नव्हतं तरी मालिका गाजली, आणि 'वेस्टवर्ल्ड'वाल्यांनी सगळं ठरवलं होतं तरी ती मध्येच बंद पडली. मग ठरवायचं की नाही?

मी बावीस वर्षं मालिका लिहितोय, बहुतेक सगळ्या डेली, म्हणजे रोज एक भाग दाखवणाऱ्या. पटकथा माझी, संवाद बहुधा दुसऱ्याचे. अँड्रॉइड मी एकदाच लिहिला आणि ते प्रकरण पायलटच्या, म्हणजे नमुन्यादाखल केलेल्या पहिल्या भागाच्या, पुढे गेलं नाही, तेव्हा त्या विषयातला मी फक्त जुना प्रेक्षक. पण स्मृती गेलेले, स्मृती गेल्याचं सोंग घेतलेले, जुळे, नाव बदलून घरात शिरलेले लोक मी डझनांनी लिहिलेत. पटकथेच्या हिशेबाने अँड्रॉइड हा नाव बदलून घरात शिरलेलाच माणूस. फरक एवढाच, की आपण कोण आहोत हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसणं इथे शोभतं. हा फरक फार कामाचा आहे, त्याकडे पुढे येतो.

तुमच्या प्रश्नात एक गोम आहे. 'ठरवणं' या एका शब्दात तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्यात. एक, अँड्रॉइड कोण. दोन, अँड्रॉइड म्हणजे काय: तो खातो का, झोपतो का, मरतो का, खोटं बोलू शकतो का. तीन, प्रेक्षकाला तुम्ही कोणता शब्द देऊन बसलात. यातली पहिली गोष्ट बरीच उशिरा ठरवली तरी निभावते. दुसरी आधी ठरवली नाही तर मालिका तिसऱ्या सीझनला बुडते. तिसरी तर बहुतेक वेळा लेखकाच्या नकळतच घडून जाते.

'गॅलॅक्टिका'पासून सुरुवात करू. डिसेंबर २००३ मध्ये दोन भागांची छोटी मालिका आली, मग २००४ पासून मार्च २००९ पर्यंत चार सीझन. मुख्य लेखक रोनाल्ड मूर. माणसांनी बनवलेली सायलॉन यंत्रं उलटतात, बारा वसाहती बेचिराख करतात, पन्नास हजारांच्या आसपास माणसं जहाजांच्या ताफ्यात उरतात, आणि त्यांच्यात हुबेहूब माणसासारखे दिसणारे सायलॉन मिसळलेले असतात. सुरुवातीला पडद्यावर अक्षरं यायची: त्यांच्या अनेक प्रती आहेत, आणि त्यांची एक योजना आहे. पुढे मूरने मोकळेपणाने कबूल केलं की अशी योजना तेव्हा कुणाच्या डोक्यात नव्हती.

लोक एवढंच लक्षात ठेवतात. पण पक्कं काय होतं ते बघा. माणसासारखे नमुने बाराच. प्रत्येक नमुन्याच्या कितीही प्रती. शरीर मेलं की आठवणी दुसऱ्या शरीरात उतरतात. आणि काहींना आपण सायलॉन आहोत हे माहीतच नाही. हे सगळं अगदी सुरुवातीच्या भागांत सांगून मोकळे झाले होते. घटना ठरलेल्या नव्हत्या. नियम ठरलेले होते.

त्या नियमांवर किती लांब गाडी जाते याचा नमुना म्हणजे शेरॉन, टोपणनाव बूमर. छोट्या मालिकेच्या अगदी शेवटच्या दृश्यात कळतं की ही वैमानिक मुलगी सायलॉन आहे. त्यानंतर पाण्याच्या टंचाईवरचा एक भाग आहे. त्याच्या सुरुवातीला बूमर अवजारांच्या खोलीत एकटी बसली आहे. कपडे चिंब, केसांतून पाणी ठिबकतंय, आणि आपण इथे कसे आलो हे तिला आठवत नाही. शेजारच्या बॅगेत बघते तर स्फोटकं. थोड्याच वेळात जहाजाच्या पाण्याच्या टाक्या फुटतात. घातपात कुणी केला हे आपल्याला ठाऊक आहे, तिला नाही, आणि तिला संशय येतो तो स्वतःचाच. एक ओली मुलगी, एक बॅग. खर्च काय असेल? या एका दृश्यावर त्यांनी तेरा भागांचा पहिला सीझन ताणला आणि शेवटच्या भागात तिने आपल्याच कमांडरवर, अडामावर, गोळ्या झाडल्या. तिथे 'कोण'चा प्रश्न कधी नव्हताच. तुमच्या मावशींबाबत तुम्ही पहिल्याच भागात पत्ते उघडे केलेत ते म्हणूनच योग्य केलंत. रहस्य एकदा फुटतं. प्रेक्षकाच्या पोटातला गोळा मात्र सीझनभर टिकतो.

आता दुसरी बाजू. बारापैकी सात नमुने दाखवून झाले, पाच राहिले. ते कोण हे लेखकांनी तिसऱ्या सीझनमध्ये ठरवलं आणि मार्च २००७ मध्ये चौघांची नावं एकदम उघड केली. त्यात कर्नल सॉल टाय होता. सायलॉनांचा कट्टर द्वेष्टा, त्यांच्या कैदेत एक डोळा गमावलेला, आणि सायलॉनांना मदत केली म्हणून स्वतःच्या बायकोला विष पाजलेला माणूस. असा माणूस सायलॉन निघतो. जबरदस्त कल्पना, मी उठून उभा राहिलो होतो. पण डेलीवाल्याची खोड, दुसऱ्या क्षणी मनात हिशेब सुरू झाला: आता हे मागचं निस्तरणार कसं?

निस्तरायला दोन वर्षं लागली. टाय हा अडामाचा कित्येक वर्षांचा दोस्त, डोळ्यांदेखत म्हातारा झालेला. सायलॉन म्हातारे होतात? मग हे पाच जण वेगळ्या घडणीचे, हजारो वर्षांपूर्वीचे, खोट्या आठवणी घालून माणसांत सोडलेले, असं ठरवावं लागलं. चौघांतलाच दुसरा टिरॉल, त्याला माणसापासून झालेला मुलगा होता. पण माणूस आणि सायलॉन यांचं मूल एकच, हेरा, आणि तिच्यावर तर मालिकेचा अर्धा डोलारा उभा. म्हणून २००९ मध्ये एका भागात सांगून टाकलं की तो मुलगा टिरॉलचा नव्हेच, दुसऱ्याच एका वैमानिकाचा. आणि गंमत आकड्यांची: शेरॉनला आधी कधीतरी 'आठ' क्रमांक देऊन ठेवला होता. दाखवलेले नमुने सात, त्यात शेवटचा आकडा आठ, मग सात नंबर कुठाय? तर डॅनियल नावाचा एक सातवा नमुना होता आणि तो नष्ट केला गेला, अशी कथा जोडली. ही जोडणी झाकण्यासाठी होती, पण प्रेक्षक एवढे चौकस की हा डॅनियल म्हणजे नायिकेचा बाप असणार असे तर्क सुरू झाले. ठिगळालाच लोक नक्षी समजले.

ही सगळी परतफेड करायला त्यांनी एक अख्खा भाग खर्ची घातला. त्या चौघांतलाच एक, डोक्यात गोळी अडकलेला अँडर्स, पलंगावर पडून हजारो वर्षांचा इतिहास भडाभडा सांगतो. लिहिणाऱ्यांबद्दल मला आदर आहे, पण एखादं पात्र आजारी पडून सलग माहिती सांगायला लागलं की समजावं, लेखकाच्या दारात घेणेकरी उभे आहेत. आम्ही डेलीत हेच काम देवळातल्या एखाद्या अनोळखी म्हाताऱ्या बाईकडून करून घेतो.

तरीही टायचं रहस्य पचलं. का पचलं, हे तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं, आणि ते मला माझ्याच एका चुकीमुळे कळलं.

एका मालिकेत आमचे एक काका होते, अपघातात स्मृती गेलेले. दोनशे भागांनंतर टीआरपी घसरला, चॅनलकडून निरोप आला की काहीतरी मोठं हवं. मी सुचवलं: काकांना सगळं आठवतंय, ते पहिल्यापासून सोंग घेतायत. मीटिंगमध्ये टाळ्या. महाएपिसोड झाला, आकडा आला, पेढे झाले. दुसऱ्या दिवशी सेटवर कंटिन्युटी, म्हणजे मागच्या-पुढच्या सीनचा मेळ, बघणारी मुलगी आली, हातात तिचं रजिस्टर. म्हणाली, "सर, एकशे बाराव्या एपिसोडला काका देवघरात एकटेच असतात. बायकोचा फोटो हातात घेतात आणि हिचं नाव काय म्हणून रडतात. तेव्हा खोलीत कुणीच नव्हतं. मग ते सोंग कुणासाठी होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी आम्ही फ्लॅशबॅक शूट केला की खिडकीतून मोलकरीण बघत होती आणि काकांनी तिला आरशात पाहिलं होतं. त्या देवघराला खिडकी नव्हती. कला दिग्दर्शकाने एका रात्रीत पाडून दिली.

तेव्हापासून मी एकच नियम पाळतो: गुपित ज्याला स्वतःला माहीत आहे, त्याला एकट्याचा सीन देताना दहा वेळा विचार करायचा. चारचौघांत पात्र खोटं बोलतं तेव्हा ते दुसऱ्या पात्रांना फसवतं. खोलीत एकटं असताना खोटं वागलं तर ते थेट प्रेक्षकाला फसवतं, आणि प्रेक्षक ते विसरत नाही. पण ज्याला स्वतःलाच आपलं गुपित माहीत नाही, त्याचे एकट्याचे सगळे सीन खरेच राहतात. टाय तीन सीझन एकटा बसून दारू पीत होता, बायकोसाठी कुढत होता, सायलॉनांना शिव्या घालत होता. त्यातला एक क्षणही रहस्य उघड झाल्यावर खोटा ठरला नाही, कारण त्याला ठाऊकच नव्हतं. 'काहींना माहीत नसतं' हा नियम अगदी सुरुवातीलाच ठेवला होता म्हणून मूरला तिसऱ्या सीझनमध्ये हवं ते नाव उचलता आलं. तुम्हालाही दुसरा अँड्रॉइड उशिरा ठरवायचा असेल तर एवढं आज लिहून ठेवा: त्याला किंवा तिला स्वतःबद्दल काहीही माहीत नाही. मग सून की काका, हे खुशाल दुसऱ्या सीझनला ठरवा.

नातवाचं नाव मात्र यादीतून काढा. तीन सीझन म्हणजे मधल्या थांब्यांसकट पाच-सहा वर्षं. दहा वर्षांचा अँड्रॉइड तिसऱ्या सीझनला मिसरूड फुटून येईल, आणि मग वाढणाऱ्या यंत्राचं शास्त्र तुम्हाला लिहावं लागेल. मोठ्या नटांचंही हेच होतं. 'स्टार ट्रेक'मधला डेटा हा अँड्रॉइड ब्रेंट स्पायनरने १९८७ पासून केला. २००२ च्या चित्रपटात त्याला मारलं, आणि २०२० मध्ये पुन्हा आणलं तेव्हा सत्तरी गाठलेल्या नटाचं वय हीच लेखकांपुढची मोठी अडचण होती. यंत्राला वय नसतं, नटाला असतं.

आता 'वेस्टवर्ल्ड'. ऑक्टोबर २०१६ ते ऑगस्ट २०२२, चार सीझन, ३६ भाग. जोनाथन नोलन आणि लिसा जॉय यांची. श्रीमंतांच्या करमणुकीसाठी उभारलेलं एक बाग-नगर, त्यातले 'होस्ट' म्हणजे अँड्रॉइड. पहिल्या सीझनचं चित्रीकरण मध्येच थांबवून त्यांनी उरलेल्या पटकथा बसून पक्क्या केल्या. आमच्याकडे असं कुणी केलं तर निर्माता दवाखान्यात जाईल, पण फळ बघा. पहिल्याच भागात एका होस्टला जमिनीत पुरलेला फोटो सापडतो, त्यात शहरात उभी असलेली एक बाई. तो आपल्या मुलीला दाखवतो. ती बघते आणि शांतपणे म्हणते, मला यात काही दिसत नाही. नियम कळला: होस्टना बाहेरच्या जगाच्या खुणा दिसत नाहीत, दिसल्या तरी मेंदू त्या नोंदवत नाही. आपण ते वाक्य ऐकतो आणि पुढे जातो.

सातव्या भागात बर्नार्ड, म्हणजे होस्टची डोकी जुळवणारा हुशार, हळवा शास्त्रज्ञ, आपल्या सहकारी बाईला एका आडबाजूच्या घरात घेऊन जातो. ती खोलीभर फिरते आणि विचारते, या दाराच्या मागे काय आहे? तो म्हणतो, "कोणतं दार?" दार समोर आहे. आपल्याला दिसतंय, तिला दिसतंय, त्याला नाही. झालं. ना संगीताचा धडाका, ना तीन वेळा झूम, ना विजेचा कडकडाट. दोन शब्दांत एक माणूस होस्ट झाला, कारण नियम सहा भाग आधी पेरलेला होता. आणि बर्नार्डचे एकट्याचे सीन आठवा: मेलेल्या मुलासाठी झुरणं वगैरे. तेही खरेच, कारण त्यालाही माहीत नव्हतं. मूर आणि नोलन दोन टोकांचे लेखक, पण ही खिळी दोघांनी एकाच जागी ठोकली आहे.

मग 'वेस्टवर्ल्ड' घसरली कुठे? माझं मत सांगतो, पटलं नाही तर सोडून द्या. पहिल्या सीझनमध्ये दोन काळांतल्या गोष्टी एकत्र गुंफल्या होत्या, आणि इंटरनेटवरच्या लोकांनी ते सीझन चालू असतानाच ओळखलं. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. दर आठवड्याला लाखो डोकी एकाच कोड्यावर बसली की कुणीतरी सोडवणारच. त्यात वाईट काही नाही. पण दुसऱ्या सीझनचा गुंता बघून मला असं वाटत राहिलं की आता लेखक पात्रांसाठी लिहीत नाहीयेत, त्या ओळखणाऱ्यांना चकवायला लिहितायत. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. होस्ट मेला की दुरुस्त होतो, त्याच्या प्रती निघतात, पुढे माणसांच्याही जागी प्रती येतात. चौथ्या सीझनपर्यंत कुणी मेलं तरी सुतक कुणी धरेना.

'गॅलॅक्टिका'लाही हाच धोका होता. त्यांनी चौथ्या सीझनमध्ये काय केलं? सायलॉनांना पुन्हा शरीर देणारं मुख्य केंद्रच उडवून दिलं. त्या दिवसापासून सायलॉनही मरायला लागले. म्हणजे नियम मोडता येतो, पण तो पडद्यावर, सगळ्यांच्या साक्षीने मोडावा लागतो. ती घटना झाली पाहिजे. लेखक विसरला म्हणून मोडलेला नियम ही फक्त चूक.

आणि चूक कशी होते तेही सांगतो, कारण भल्याभल्यांची झाली आहे. डेटाचा जुळा भाऊ लोर पहिल्यांदा आला तो भाग जानेवारी १९८८ चा. दोघे दिसायला सारखे, मग ओळखायचे कसे? लेखकांनी खूण ठेवली: डेटा इंग्रजीतली जोडून म्हटली जाणारी छोटी रूपं वापरत नाही, 'आय अ‍ॅम' पूर्ण म्हणतो, लोर सर्रास 'आय्‌म' म्हणतो. छान खूण. पण आधीच्या भागांत डेटा ती रूपं वापरून बसला होता, आणि कहर म्हणजे याच भागाच्या शेवटी स्वतः डेटाच 'आय्‌म फाइन' म्हणून जातो. आजतागायत लोक विचारतात, मग शेवटी जहाजावर राहिला तो डेटाच ना?

त्याच भागात एक दुसरा नियमही येतो, तो मात्र सोनं ठरला. डेटा डॉक्टरीणबाईंना विश्वासात घेऊन सांगतो की त्याच्या अंगावर त्याला बंद करायचा एक स्विच आहे, आणि हे कुणाला सांगू नका. तेव्हा ती कथेपुरती सोय होती. साधारण वर्षभराने, फेब्रुवारी १९८९ मध्ये, 'द मेझर ऑफ अ मॅन' हा भाग आला. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास, स्वतः वकिली केलेल्या. डेटा ही वस्तू की व्यक्ती, यावर सुनावणी. डेटाच्या विरुद्ध बाजू मांडायचं काम त्याच्याच मित्रावर, रायकरवर, येऊन पडतं. रायकर कागदपत्रं चाळता चाळता स्विचचा तपशील शोधतो, क्षणभर चेहरा उजळतो, आणि मग आपण कशाने खूश झालो ते कळून उतरतो. सुनावणीत तो डेटाचा हात काढून दाखवतो, मग मागे जाऊन स्विच दाबतो. डेटा टेबलावर कोसळतो. निकाल डेटाच्या बाजूने लागतो, पण तोही मापात: तो कुणाची मालमत्ता नाही, त्याला निवडीचा हक्क आहे, त्याला आत्मा आहे का हे न्यायाधीश ठरवत नाहीत. मला तो निकाल आवडतो, कारण पुढच्या पाच सीझनसाठी प्रश्न शिल्लक ठेवला. तोवर डेटाची कथा सलग नव्हतीच, सुटे भाग होते. तरी ती आज एकसंध वाटते, कारण स्विचसारख्या गोष्टी लेखकांनी लक्षात ठेवल्या.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते. तुम्हाला किती भागांची हमी आहे, यावर बरंच. 'ह्यूमन्स' ही ब्रिटिश मालिका, मूळ स्वीडिश मालिकेवरून केलेली, तुमच्या कथेच्या सगळ्यांत जवळची. २०१५ ते २०१८ तीन सीझन चालली आणि बंद झाली, शेवटी नवे उघडलेले धागे तसेच लोंबत राहिले. पहिल्या सीझनची हमी असेल तर पहिला सीझन स्वतःपुरता पूर्ण करा. मोठा पत्ता 'पुढे काढू' म्हणून राखून ठेवू नका. आठवड्याला एक भाग येणार असेल तर प्रेक्षकाला तर्क करायला सहा दिवस मिळतात. सगळे आठ एकदम टाकणार असतील तर रहस्य टिकतं, पण मागे जाऊन तपासणंही सोपं. डेलीत आम्हाला बँकच नसते, म्हणजे आधी शूट करून ठेवलेले भागच नसतात, आज लिहिलेलं परवा शूट होतं, तिथे मी 'कोण' आधी ठरवतच नाही. नट काम सोडून जातो तेव्हा ठरवलेलं सगळं पाण्यात. तुमच्याकडे चोवीस भाग आणि भरपूर वेळ आहे, तुमचं तसं नाही. एकटे लिहीत असाल तर लक्षात राहील या भ्रमात राहू नका. राहत नाही.

म्हणून वही. त्या कंटिन्युटीच्या मुलीकडून शिकलो, तेव्हापासून प्रत्येक मालिकेची ठेवतो, साधी शंभर पानी. प्रत्येक सीनपुढे तीन रकाने: प्रेक्षकाला काय वाटतंय, खरं काय आहे, आणि हे खोलीतल्या कुणाकुणाला माहीत आहे. शेवटच्या पानावरून उलटी एक यादी: नियम, कुणाच्या तोंडून आला, कोणत्या भागात. तिच्याखाली दिलेले शब्द. 'त्यांची एक योजना आहे' असलं वाक्य प्रोमोत गेलं, तर तेही या यादीत चढतं. प्रोमो मार्केटिंगवाल्यांनी केला असेल, देणं तुमचंच.

ही वही तुमच्या कथेवर चालवून दाखवतो, म्हणजे सुनेची अडचण कळेल. तुमच्या दुसऱ्या भागात मावशींना आजी रोज सकाळी चहा देतात. मावशी खाऊ-पिऊ शकत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. त्या नको म्हणत नाहीत, कप घेऊन अंगणात जातात आणि तुळशीच्या कुंडीत ओततात. अप्रतिम आहे हे, पैसे लागत नाहीत आणि पुढे तुळस वाळायला लागली की आजींना काय वाटेल हे आपल्याला आधीच कळतं. मावशींना स्वतःबद्दल माहीत आहे, म्हणून तो एकटीचा सीनही प्रामाणिक आहे. वहीत नियम चढला: अँड्रॉइड काही पिऊ शकत नाही. भाग २.

आता समजा दुसऱ्या सीझनला सून अँड्रॉइड निघाली. पण सून तर पहिल्या भागापासून जेवतेय, चहा पितेय, चौथ्या भागात तिला पुरणपोळी बाधून उलट्या झाल्यात. झाली ना 'गॅलॅक्टिका'ची गत? मग ती वेगळ्या घडणीची, नव्या बनावटीची, असं सांगायला कुणालातरी आजारी पाडावं लागेल. यावर दोन वाटा. एक, मावशी चहा पिऊ शकतात पण त्यांना चव कळत नाही, असा नियम बदला; तुळस हातची जाईल. दुसरी, मी हीच घेईन: मावशी जुन्या बनावटीच्या आहेत हे पहिल्याच भागात, एजन्सीच्या माणसाच्या तोंडून, भाव करताना येऊ द्या. "नवीन घेतलं तर महाग पडेल, हे आधीचं आहे." घरच्यांना वाटेल तो पॅकेजबद्दल बोलतोय. प्रेक्षकाला भागाच्या शेवटी वेगळा अर्थ लागेल. आणि 'नवीन' म्हणजे काय, हा प्रश्न कुणी न विचारता दोन सीझन पडून राहील. 'ह्यूमन्स'मध्येही एक विस्मरणाला लागलेला म्हातारा आपला जुनाट अँड्रॉइड बदलू देत नाही, कारण वारलेल्या बायकोच्या आठवणी त्याच्यातच साठल्या आहेत. जुन्या बनावटीत केवढी माया भरता येते बघा. तुमच्या आजोबांनाही मावशींची सवय होईलच की.

सून की शेजारचे काका, हे मात्र मी सांगणार नाही. दोन्ही नावं वहीत ठेवा आणि पहिले आठ भाग दोघांसाठीही खरे राहतील असे लिहा. काकांचं कोकणातलं बालपण कुणा दुसऱ्याच्या तोंडून पक्कं करू नका, फक्त त्यांच्याच तोंडून येऊ द्या. सुनेच्या माहेरची माणसं पडद्यावर आणू नका, फोन चालतील. बाळंतपण, रक्ततपासणी, एक्स-रे यांतलं काही दाखवलंत की त्या नावावर फुली.

तुम्ही शेवटी विचारलंय की मावशी करणाऱ्या बाईंना आणि सून करणाऱ्या मुलीला सगळं सांगावं का. मावशींना सगळं सांगा. गुपित पात्राला माहीत असेल तर नटाला माहीत हवंच. सुनेला काही सांगू नका, तुमचंच ठरलेलं नाही तर सांगणार काय? एडिटरला मात्र दोन्ही शक्यता सांगून ठेवा, नाहीतर तो 'चांगला दिसतोय' म्हणून नको तो क्लोजअप लावेल. आणि तुळस कोणत्या भागापासून वाळायची ते कला विभागाला लेखी द्या, शिवाय स्पॉटदादांना, म्हणजे सेटवरची वरकामं करणाऱ्यांना, तोंडी सांगा. आमच्या सेटवर अशीच एक तुळस वाळवायची होती; पंधरा दिवस झाले तरी हिरवीगार, कारण दादा रोज सकाळी अंघोळ करून तिला पाणी घालत होते.